सोनोग्राफीच्या अहवालातले शब्द आणि स्त्रीशरीराची रचना : कोणी नीट समजावून सांगाल का?

रानजाई (प्रश्न)

नमस्कार. माझे वय ३८ असून मला एक मूल आहे. गेले काही महिने पाळी येण्याच्या आधी दोन दिवस आणि पाळीतही कंबर व ओटीपोट फार दुखते, म्हणून डॉक्टरांनी सोनोग्राफी करून घ्यायला सांगितले. ती पाळीच्या तेराव्या दिवशी झाली. अहवालात लिहिले आहे की गर्भाशय मागे झुकलेले असून त्याचे माप ७.८ × ४.६ × ३.९ सेंमी आहे, एंडोमेट्रियमची जाडी ९ मिमी आहे, उजव्या अंडाशयात १८ मिमीचे फॉलिकल आहे आणि पाउच ऑफ डग्लसमध्ये किंचित द्रव आहे. डॉक्टरांनी कागदावरून नजर फिरवून ‘काळजीचे काही नाही’ असे सांगितले. बाहेर रांग लागलेली होती, त्यामुळे मीही अधिक काही विचारले नाही.

घरी आल्यावर मात्र एका पाठकोऱ्या कागदावर मी चित्र काढू लागले. गर्भाशय काढले, दोन्ही बाजूंच्या नळ्या काढल्या, टोकांना अंडाशये काढली. शाळेच्या पुस्तकातली आकृती तेवढी लक्षात होती. त्याच्या खाली पेन्सिल थांबली. लघवीची वाट कुठे, योनी नेमकी कुठून सुरू होते, गर्भाशयाचे तोंड म्हणजे योनीचेच वरचे टोक की आणखी काही, हे मला सांगता येईना. बाळंतपण होऊन गेलेल्या बाईला आपल्या शरीराचा एवढा नकाशाही काढता येऊ नये याचे मला फार वाईट वाटले. अहवालातल्या शब्दांचा अर्थ आणि त्यासोबत ही सगळी रचना, बाहेरून आतपर्यंत, कोणी जाणकार समजावून सांगेल का? मागे झुकलेले गर्भाशय हा दोष आहे का, हेही कळले तर बरे होईल.

समई

रानजाई, मी स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करते. तुमच्या दुखण्याचे निदान मी इथून करणार नाही, ते तुमच्या डॉक्टरांनीच करायचे आहे; पण कागदावरचा कुठला शब्द कुठल्या अवयवाबद्दल आहे ते नक्की सांगू शकते.

तुमची पेन्सिल जिथे थांबली तिथूनच सुरुवात करू. पाठीवर निजून, गुडघे दुमडून हातआरसा धरला तर जे दिसते ती योनी नव्हे. बाहेरून दिसणाऱ्या या सगळ्या भागाला मिळून भग म्हणतात आणि इंग्रजीतला व्हल्वा हा शब्द त्यासाठीच आहे. त्याच्या दोन्ही कडांना केस असलेले, चरबीने भरलेले मोठे ओष्ठ असतात. त्यांच्या आत बिनकेसांचे, नाजूक, घड्या पडलेले लहान ओष्ठ असतात. लहान ओष्ठ पुढच्या बाजूला जिथे एकत्र येतात तिथे त्वचेच्या टोपीखाली शिश्निकेचे, म्हणजे क्लिटोरिसचे टोक असते. त्याच्या साधारण अडीच सेंमी मागे लघवीचे अगदी लहान छिद्र असते, त्याच्या लगेच मागे योनीचे द्वार, आणि मग थोडी स्नायूंची जागा सोडून गुदद्वार. म्हणजे वाटा दोन नसून तीन आहेत. माझ्याकडे आलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या एका बाईंच्या हातात मी आरसा दिला तेव्हा त्या बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘म्हणजे लघवी आणि पाळी एकाच वाटेने होत नाही?’ त्यांना तीन मुले होती. त्यांना हसणे तर दूरच, मला त्या दिवशी आपल्या सर्वांच्या शिक्षणाचाच राग आला. स्त्रीची मूत्रनलिका जेमतेम ४ सेंमी लांब असते आणि गुदद्वार जवळ असते, म्हणून लघवीचा जंतुसंसर्ग स्त्रियांना जास्त होतो. शौचानंतर पुढून मागे पुसावे किंवा धुवावे असे आम्ही सांगतो ते याच कारणासाठी.

योनी, किंवा अधिक अचूक सांगायचे तर योनिमार्ग, हा भाग पूर्णपणे आत असतो. आकृतीत तो उघड्या नळीसारखा काढतात आणि तिथेच गैरसमज सुरू होतो. एरवी त्याच्या पुढच्या व मागच्या भिंती एकमेकींना टेकलेल्या असतात, आतल्या अस्तराला चुण्या असतात आणि गरजेप्रमाणे त्या उलगडतात. त्याची लांबी बहुतेक स्त्रियांत ७ ते १० सेंमीच्या आसपास भरते, पण लैंगिक उत्तेजनेच्या वेळी त्याचा आतला भाग लांबतो, रुंदावतो आणि गर्भाशय वर उचलले जाते. त्या वेळचा ओलावा मुख्यतः भिंतींतल्या रक्तवाहिन्यांमधून पाझरून येतो. ही दिशा सरळ डोक्याकडे नसून तिरकी, कमरेच्या मागच्या बाजूला असते. पहिल्यांदा टॅम्पॉन (पाळीचे रक्त शोषणारा बोळा) किंवा ते रक्त साठवणारा कप वापरताना तो ‘आत जातच नाही’ असे ज्यांना वाटते त्यांपैकी अनेकींचा प्रयत्न सरळ वर ढकलण्याचा असतो.

योनिमार्गाच्या वरच्या टोकाशी गर्भाशयाचे तोंड खाली डोकावते. धुतलेल्या बोटाने ते स्वतःलाही लागू शकते: नाकाच्या शेंड्यासारखे टणक, गुळगुळीत, मध्ये खळी असलेले. तो गर्भाशयाचाच खालचा भाग आहे. मधले छिद्र इतके बारीक असते की तिथून पाळीचे रक्त बाहेर येते, शुक्रजंतू आत जातात, पण टॅम्पॉन किंवा कप पुढे जाऊन पोटात हरवू शकत नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी जी तपासणी करतात तिच्यात याच जागेवरच्या पेशी अलगद खरवडून घेतात.

आता तुमचा कागद. गर्भाशय म्हणजे ज्याला आपण सगळ्या ‘पिशवी’ म्हणतो ते, पण ती सैल पिशवी नसून जाड स्नायूचा, आपल्या मुठीहूनही लहान असा अवयव आहे. तुमचे माप एक बाळंतपण झालेल्या स्त्रीला साजेसेच आहे. बहुतेकींचे गर्भाशय पुढे, मूत्राशयावर ओणवे असते. चार-पाच स्त्रियांमागे एकीचे ते मागे, गुदाशयाकडे झुकलेले असते. काहींचे केस कुरळे असतात, काहींचे सरळ, तसाच हा फरक आहे. त्याने गर्भधारणा अडत नाही. फक्त एक गोष्ट पाहावी लागते: ते मोकळे हलते की मागे चिकटून बसले आहे. हे हाताने केलेल्या तपासणीत बरेचसे कळते.

एंडोमेट्रियम म्हणजे गर्भाशयाचे आतले अस्तर. पाळीत हेच गळून जाते, मग अंडाशयातल्या इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे पुन्हा जाड होत जाते; तेराव्या दिवशी ९ मिमी ही जाडी अपेक्षित अशीच आहे. फॉलिकल म्हणजे स्त्रीबीज ज्यात वाढते तो द्रवाचा फुगा. दर महिन्याला साधारणपणे एकच फॉलिकल पुढे जाते आणि १८ ते २४ मिमीच्या दरम्यान कधीतरी फुटून बीज बाहेर पडते. म्हणजे ज्या दिवशी तुमची सोनोग्राफी झाली त्या दिवशी तुमचे अंडाशय अगदी वेळेवर आपले काम करत होते. याच फुग्याला ‘गाठ’ समजून घाबरून आलेल्या स्त्रिया मी पुष्कळ पाहते. पाउच ऑफ डग्लस हे गर्भाशय आणि गुदाशय यांच्या मधल्या खोलगट जागेचे नाव असून अठराव्या शतकातल्या जेम्स डग्लस या स्कॉटिश शरीररचनातज्ज्ञावरून ते पडले. पोटाच्या पोकळीतली ती सर्वांत सखल जागा असल्याने तिथे थोडे द्रव साचणे साहजिक आहे.

एक मात्र मनापासून सांगते. अहवाल चांगला आला म्हणजे दुखणे खोटे ठरत नाही. गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर वाढते त्या एंडोमेट्रिओसिस या आजारात साधी सोनोग्राफी अनेकदा निर्दोष दिसते. पाळीच्या आधीपासून दुखणे, संबंधांच्या वेळी खोलवर दुखणे किंवा पाळीत शौचाला दुखणे यांपैकी काही असेल तर ते याच शब्दांत डॉक्टरांना सांगा आणि पुन्हा वेळ मागून घ्या.

शरीरवेध

समई यांच्या उत्तरात माझ्याकडून थोडी भर. मी शरीररचनाशास्त्र शिकवतो आणि दरवर्षी एकाच ठिकाणी अडखळतो, ते म्हणजे शब्द. आतल्या अवयवाला आपल्याकडे ‘पिशवी’ हा घरगुती, निःसंकोच शब्द आहे. आजी तो सर्वांसमोर वापरते. बाहेरच्या भागाला मात्र गुप्तांग, गुह्यांग, लज्जास्थान, ‘खालची जागा’. लॅटिनमधला पुडेन्डम हा शब्दही लाज या अर्थाच्या क्रियापदावरूनच आला आहे, म्हणजे हा संकोच एकट्या मराठीचा नाही. पण त्याची किंमत स्त्रीला मोजावी लागते. ‘खाली आग होते’ एवढेच ती सांगू शकते. ती आग मूत्रद्वाराशी आहे, लहान ओष्ठांवर आहे की योनिमार्गात आहे हे सांगायला तिच्यापाशी शब्दच नसतात, आणि या तिन्हींचे उपचार वेगवेगळे आहेत.

शिश्निकेबद्दल समई यांनी एका वाक्यात उल्लेख केला. तिथे मला थोडे थांबायचे आहे, कारण पुस्तकांनी सर्वाधिक अन्याय याच अवयवावर केला. बाहेर दिसतो तो वाटाण्याएवढा भाग म्हणजे फक्त तिचे टोक. त्यामागे वळलेला दांडा, ओटीपोटाच्या खालच्या हाडांना धरून दोन्ही बाजूंना जाणारी दोन मुळे आणि योनिद्वाराच्या दोन्ही कडांना असलेले, रक्ताने फुगणारे दोन कंद असा तिचा पसारा शरीरात खोलवर असतो. १५५९ साली रेआल्दो कोलोम्बो या इटालियन शरीररचनाकाराने आपणच हा अवयव शोधल्याचे लिहिले आणि त्याच काळातल्या फालोपिओ या शरीररचनाकाराने त्यावर हक्क सांगितला. ज्यांच्या शरीरात तो होता त्या स्त्रियांना तो आधीपासून ठाऊक असणार, हे दोघांच्याही मनात आलेले दिसत नाही. १८४४ साली कोबेल्ट या जर्मन संशोधकाने आतल्या भागांची उत्तम चित्रे काढली, तरी त्यानंतरच्या अनेक पाठ्यपुस्तकांत तो पुन्हा एका ठिपक्याएवढाच उरला. १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मूत्ररोगशल्यविशारद हेलन ओ’कॉनेल यांनी शवविच्छेदनातून तो नव्याने मांडला आणि २००५ मध्ये एमआरआयचा आधार घेऊन अधिक तपशील दिले. शिश्निकेत ‘८,००० मज्जातंतू’ असतात हा सर्वत्र फिरणारा आकडा मुळात गुरांवरच्या अभ्यासातून आला होता. २०२२ मध्ये माणसाच्या ऊतींवर प्रत्यक्ष मोजणी झाली तेव्हा तो सरासरी १०,००० हून अधिक भरला.

गर्भावस्थेच्या सुरुवातीच्या आठवड्यांत मुलगा आणि मुलगी यांची बाह्य जननेंद्रिये सारखीच दिसतात. एकाच उंचवट्यापासून पुढे एकात शिश्न आणि दुसरीत शिश्निका तयार होते. जी घडी एकात वृषणकोश होते तीच दुसरीत मोठे ओष्ठ होते. हे कळले की उत्तेजनेच्या वेळी शिश्निकाही रक्ताने का भरते हे वेगळे सांगावे लागत नाही. योनिमार्गाच्या आतल्या भागात स्पर्शाची जाणीव तुलनेने कमी असते, म्हणून केवळ संभोगाने कित्येक स्त्रियांना कामतृप्ती मिळत नाही. त्यात त्या स्त्रीचा दोष नाही आणि आजारही नाही. ती शरीराची रचनाच आहे. योनीच्या पुढच्या भिंतीत विशेष संवेदनशील जागा असते असे म्हणतात, पण त्या ‘जी स्पॉट’ नावाचा वेगळा, स्वतंत्र अवयव अजून कोणाला खात्रीने दाखवता आलेला नाही. योनीच्या पुढच्या भिंतीमागे मूत्रनलिका आणि शिश्निकेचा आतला पसारा एकमेकांना लागून असतो, आणि तिथल्या संवेदना या सगळ्यांच्या मिळून असाव्यात असे मला वाटते.

आणखी एक शब्द आपण सर्वांनी टाकून द्यावा अशी माझी कळकळीची विनंती आहे: कौमार्यपटल. योग्य शब्द योनिपटल. ते योनिद्वाराच्या कडेला असलेले, बहुधा चंद्रकोरीच्या किंवा कड्याच्या आकाराचे लवचीक पटल असते, द्वारावर ताणून बसवलेला पडदा नव्हे. तसा तो असता तर पाळीचे रक्त बाहेर आलेच नसते. जन्मतः पूर्ण बंद असणारे पटल हा दुर्मीळ दोष असून त्यावर शस्त्रक्रिया करावी लागते. पहिल्या संबंधात अनेक स्त्रियांना रक्तस्राव होत नाही, आणि पटल पाहून कोणाचा संबंध झाला आहे की नाही हे कोणत्याही डॉक्टरला सांगता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने संयुक्त राष्ट्रांच्या इतर संस्थांसह २०१८ मध्ये अशा ‘कौमार्य चाचण्या’ बंद कराव्यात असे जाहीर आवाहन केले, ते याच आधारावर.

ओवी

मी डॉक्टर नाही, पण लहान ओष्ठांबद्दल एक लिहावेसे वाटते, कारण माझी दहा वर्षे त्या चिंतेत गेली. माझा एका बाजूचा लहान ओष्ठ दुसऱ्यापेक्षा बराच लांब आहे आणि मोठ्या ओष्ठांच्या बाहेर येतो. कडा गडद, तपकिरी आहेत. हे काहीतरी विकृत आहे, आपल्या हातून काही चूक झाल्यामुळे झाले आहे, असे मी लग्नानंतरही धरून बसले होते आणि ते कापून ‘नीट’ करण्याची चौकशीही केली होती. एका ज्येष्ठ डॉक्टरांनी तपासून मला २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासाची मोजमापे दाखवली. पन्नास स्त्रियांच्या त्या पाहणीत लहान ओष्ठांची रुंदी ७ मिमीपासून ५० मिमीपर्यंत आणि लांबी २० मिमीपासून १०० मिमीपर्यंत आढळली होती. मी त्या मर्यादेच्या मधोमध कुठेतरी होते. त्या दिवशी दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मला रडू आले. दोन्ही बाजू सारख्या नसणे, रंग गडद असणे, वयात येताना आणि बाळंतपणानंतर त्यात बदल होणे हे सारे नेहमीचेच आहे. चालताना किंवा बसताना खरोखर त्रास होत असेल तर गोष्ट वेगळी. केवळ दिसण्यासाठी मात्र घाई करू नये, कारण या भागाला संवेदना भरपूर असते आणि कापलेले परत येत नाही.

दुर्वा

मी ओटीपोटाच्या स्नायूंवर काम करणारी फिजिओथेरपिस्ट आहे. वरच्या चर्चेत एक गोष्ट राहिली, ती म्हणजे हे सगळे कशावर टेकलेले आहे. ओटीपोटाच्या खालच्या पुढच्या हाडापासून, म्हणजे जघनास्थीपासून, मागे माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी ताणलेली असते. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय तिच्या आधाराने राहतात आणि मूत्रनलिका, योनिमार्ग व गुदमार्ग तिच्यातून बाहेर पडतात. बाळंतपणे, जुनी बद्धकोष्ठता, सततचा खोकला आणि वाढते वय यांमुळे ती सैल पडली की खोकताना-शिंकताना लघवी निसटते किंवा आपण ज्याला ‘अंग बाहेर येणे’ म्हणतो तो त्रास सुरू होतो. १९४८ साली अमेरिकन डॉक्टर अर्नोल्ड केगेल यांनी मांडलेले व्यायाम यासाठीच आहेत. लघवी आणि वायू एकाच वेळी रोखून धरल्यासारखे स्नायू आत व वर ओढायचे, थोडे धरायचे आणि तितकाच वेळ पूर्ण सैल सोडायचे.

पण रानजाई, तुमचे दुखणे कंबर आणि ओटीपोटाचे आहे म्हणून मुद्दाम सांगते की हे व्यायाम ऐकीव माहितीवर सुरू करू नका. पुष्कळ दिवस दुखत असलेल्या स्त्रीचे हे स्नायू अनेकदा सैल नसून उलट घट्ट आवळलेले असतात, आणि आवळलेल्या स्नायूला आणखी आवळायला लावले तर दुखणे वाढते. संबंधांच्या वेळी योनिद्वाराशीच अडथळा आल्यासारखे होणे, त्याला व्हजायनिस्मस म्हणतात, त्यातही हेच घडते. स्त्री तो जाणूनबुजून करत नाही. श्वासाबरोबर स्नायू सैल सोडायला शिकणे हा तिथे पहिला उपचार असतो.

रानजाई

आपण सर्वांनी एवढ्या आस्थेने लिहिलेत, मी दोनदा वाचून काढले आणि नवे चित्र काढले. या वेळी पेन्सिल खालपर्यंत गेली. संबंधांच्या वेळी खोलवर दुखते हे मी डॉक्टरांना सांगितलेच नव्हते, कारण ते पाळीच्या दुखण्याशी जोडलेले असेल असे वाटले नव्हते. परवाची वेळ घेतली आहे.

दोन गोष्टी अजून अडल्या आहेत. माझ्या चित्रात नळीचे टोक अंडाशयाला जोडायचे की नाही? आणि पाळीच्या मधल्या दिवसांत माझ्या अंगावरून पांढरे, तार धरणारे पाणी जाते, ते कुठून येते?

समई

जोडू नका. गर्भनलिका १० ते १२ सेंमी लांब असते आणि तिचे बाहेरचे टोक झालरीसारख्या बोटांनी अंडाशयाच्या शेजारी मोकळे तरंगत असते. बीज पोटाच्या पोकळीत सुटते, ही झालर अंडाशयावरून फिरून ते टिपून घेते, आणि कधी कधी एका बाजूचे बीज दुसऱ्या बाजूची नळीसुद्धा टिपते. एक नळी काढावी लागलेल्या स्त्रियांनाही म्हणूनच दिवस राहू शकतात. बीज साधारण १२ ते २४ तास टिकते, शुक्रजंतू मात्र पाच दिवसांपर्यंत जगू शकतात. त्यांची भेट नळीच्या बाहेरच्या रुंद भागात होते आणि तयार झालेला गर्भ तीन-चार दिवसांनी गर्भाशयात पोहोचतो.

ते तार धरणारे पाणी म्हणजे गर्भाशयमुखातल्या ग्रंथींचा स्राव. बीज सुटण्याच्या सुमारास इस्ट्रोजेनमुळे तो पातळ, पारदर्शक होतो, म्हणजे शुक्रजंतूंना वाट मिळते. नंतर तो पुन्हा घट्ट होतो. त्यातून अंगातली ताकद निघून जाते ही समजूत निराधार आहे. योनिमार्गात लॅक्टोबॅसिलस हे हितकारक जिवाणू असतात, ते तिथली आम्लता साधारण ३.८ ते ४.५ पीएचमध्ये राखतात आणि त्यामुळे इतर जंतूंना थारा मिळत नाही. म्हणून आतून साबणाने किंवा कुठल्याही सुगंधी द्रावणाने धुऊ नका. बाहेरचा भाग साध्या पाण्याने धुतला तरी पुरते. स्रावाला दुर्गंधी येणे, तो दह्यासारखा किंवा हिरवट होणे, खाज, संबंधांनंतर रक्त दिसणे, आणि पाळी कायमची थांबल्यानंतर एक थेंब जरी रक्त गेले तरी, दाखवून घ्यावे.

परवा जाताना तुमचे नवे चित्र सोबत न्या आणि कुठे दुखते तिथे त्यावर फुली मारून दाखवा. कोणत्या दिवशी, कशाने आणि किती वेळ दुखते हेही मागच्या बाजूला लिहून ठेवा, म्हणजे रांग कितीही मोठी असली तरी सांगायचे राहून जाणार नाही.